माती तुला न खावो

आरेतीच्या जिभेला हाड नाही, हे सिरोस बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावातल्या लुकुमीच्या कारखान्यात तिने उभा जन्म बसून काढला. गुलाबाच्या वासाच्या त्या मऊ वड्या पिठीसाखरेत घोळवायच्या, खोक्यात भरायच्या आणि वरून दोरी बांधायची, हे तिचं काम. टेबलाच्या या बाजूला ती, त्या बाजूला सगळं जग. आणि जगातलं जे कोणी टप्प्यात येई त्याचा ती उद्धार करी. मालक खोकी मोजायला आला की म्हणायची, "मोजा, मोजा. देवाने तुम्हाला दहा बोटं तेवढ्याचसाठी दिली." मालक हसून पुढे जायचा. आतून बाई त्या वडीसारखीच मऊ होती, वरची साखर तेवढी द्यायची देव विसरला होता.

तीन वर्षांची असताना पोलिओने तिचे पाय नेले. आमचं एर्मूपोली म्हणजे समुद्रातून निघून थेट आभाळाकडे चढलेलं गाव. शाळा, चर्च, डॉक्टर, जिकडे जाल तिकडे संगमरवरी पायऱ्या. अशा गावात या मुलीने शिकायचं कसं, हा विचार तिच्या धाकट्या भावाने केला, कारण दुसऱ्या कुणाला तो सुचलाच नाही. मिल्तोस तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण अंगाने दणकट. तो तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायचा आणि पाठीवर घेऊन परत आणायचा. ती वर बसून हुकूम सोडायची, "हळू चाल रे, मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोतं गप्प असतं, ताई," मिल्तोस म्हणायचा.

पुढे चाकांची खुर्ची आली. आमच्या बेटावर चढणीला खेचरं लागतात, म्हणून आरेतीने खुर्चीचं नावही खेचर ठेवलं. मिल्तोस अथेन्सला गेला, इलेक्ट्रिशियन झाला, तिकडचीच मुलगी केली. व्हासो तिचं नाव. चौथ्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं आणि त्या इमारतीची लिफ्ट इतकी अरुंद की खेचर तिच्यात शिरेना. भावाचं घर आरेतीने फक्त फोटोत पाहिलं. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. लिफ्ट काही त्याने बांधलेली नव्हती.

तक्रार दुसऱ्याच गोष्टीची होती. मिल्तोसच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, "ताई, चर्चला पायऱ्या आहेत, पण चार जण तयार ठेवलेत. राणीसारखी वर नेतो तुला." आरेतीने नवीन निळा झगा शिवला, केस रंगवले. लग्नाच्या दिवशी चर्चपाशी गाडी थांबली आणि ते चार जण नवे कोट घालून फोटो काढून घेत उभे होते. नवरी यायची वेळ झाली होती. मिल्तोस घामाघूम होऊन खिडकीशी वाकला. "ताई, तू गाडीतच बस. वर पाय ठेवायला जागा नाही. मी तुला बदाम खालीच आणून देतो."

लग्नातले साखरेचे बदाम! जून महिन्याच्या उन्हात आरेती काचेआड बसून घंटा ऐकत राहिली. वऱ्हाड खाली उतरलं, तांदळाचा वर्षाव झाला, आणि मिल्तोस बदामांची पुरचुंडी घेऊन गाडीपाशी आला, तेव्हा दोनशे माणसांच्या देखत ती ओरडली, "मिल्तोस, माती तुला न खावो!"

नवरीने तोंडावर हात ठेवला.

आमच्याकडे शिव्यांना तोटा नाही, पण ही शिवी घरच्या माणसाला कुणी स्वप्नातही देत नाही. शहरात मेलेल्यालाही जागा कायमची मिळत नाही. तीन वर्षांनी कबर उघडतात, हाडं बाहेर काढतात, घरच्या बायका ती वाइनने धुतात आणि पेटीत ठेवतात. मांस मातीत गेलेलं असलं, हाडं पिवळी स्वच्छ निघाली, की म्हणायचं आत्मा सुखी आहे. आणि तसं झालं नसलं, मातीने माणसाला घेतलंच नसलं, की बायका पदराआड कुजबुजतात: कुणाचा तरी शाप आहे, कुणीतरी क्षमा केलेली नाही. मग त्याला परत पुरायचं आणि पुन्हा वाट बघायची.

सुटलेला बाण परत येत नाही. मिल्तोस नंतर दर ऑगस्टला बेटावर यायचा, बहिणीच्या दारातला लाकडी उतार दुरुस्त करायचा, तिच्याबरोबर मासे खायचा. त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही, तीही बोलली नाही. 'पुढच्या वेळी' म्हणता म्हणता असे अकरा ऑगस्ट गेले. मग एका फेब्रुवारीत तो गेला, हृदय थांबून. त्या आठवड्यात वारा असा सुटला होता की बंदरातून एकही बोट सोडली नाही. अथेन्समध्ये त्याला पुरलं, तेव्हा आरेती खिडकीत बसून बांधून ठेवलेल्या बोटी बघत होती.

तीन वर्षांनी व्हासोचा फोन आला. "ताई, त्याला काढायची वेळ झाली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बोलावलंय."

"मंगळवारी? त्या अशुभ वारी? अख्ख्या आठवड्यात दुसरा वार मिळाला नाही तुला?"

"त्यांनी दिला तो घेतला."

"मी येते."

"अहो, तुम्ही कशाला? अथेन्स काय तुमच्या खुर्चीचं शहर आहे का? मी सगळं नीट करीन. फोनवर सांगीन तुम्हाला."

"शहर खुर्चीचं नसेल, भाऊ माझा आहे," आरेती म्हणाली. "आणि नीट ऐक. मी आल्याशिवाय उघडू देऊ नकोस."

व्हासोने 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्या लग्नात तीही होतीच.

आरेतीच्या मनात हिशेब साधा होता. शाप तिचा, तो तिलाच मागे घ्यायला हवा, आणि तोही कबर उघडायच्या आधी. एकदा उघडली आणि तो तसाच्या तसा निघाला, की मग बोलून काय उपयोग? गावच्या पाद्रीबाबांनी समजावलं, "आरेती, मातीचा ओलावा, औषधं, अशी शंभर कारणं असतात. देव काय बायकांच्या जिभेवर लक्ष ठेवून बसलाय?" ती म्हणाली, "देवाचं तुम्ही बघा. माझी जीभ मला माहीत आहे."

सोमवारी तिने कोलिवा केला. मेलेल्यासाठी आम्ही जो उकडलेल्या गव्हाचा प्रसाद करतो, तो. गहू निथळून कापडावर वाळत घातला, त्यात साखर, दालचिनी, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, भाजलेले बदाम मिसळले आणि पांढऱ्या कागदी पिशव्यांत भरला. या प्रसादाचा एक नियम आहे: जो घेईल त्याने मेलेल्याचं नाव घेऊन 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं. एका तोंडाने शाप दिला होता, आता पुष्कळ तोंडांनी क्षमा मागायची, असं तिने ठरवलं आणि पिशव्या जरा जास्तच भरल्या. बरोबर बेटावरच्या वाइनची बाटली घेतली.

पहाटेच्या बोटीत ती नेहमीप्रमाणे ट्रकच्या दाराने चढली. माणसांचा जिना तिच्यासाठी नव्हता. टोमॅटोच्या आणि मेंढ्यांच्या ट्रकांच्या मधून खेचर वर आलं, तसा खलाशी ओरडला, "मावशी, कुठल्या गिअरमध्ये आहात?"

"तुझ्या बापाच्या," आरेती म्हणाली आणि त्याच्या हातात पहिली पिशवी ठेवली. "घे. मिल्तोससाठी."

खलाशाने टोपी काढली. "देव मिल्तोसला क्षमा करो, मावशी."

वारा समोरून होता. बोट अथेन्सच्या बंदरात, पिरेयसला पोचली तेव्हा जवळजवळ तासभर उशीर झाला होता. आरेती घाईघाईने टॅक्सीच्या रांगेशी गेली. पहिल्या टॅक्सीवाल्याने खुर्चीकडे पाहिलं आणि सिगरेट पेटवून समुद्राकडे तोंड केलं. दुसरा म्हणाला, "बाई, डिकीत गॅसची टाकी आहे. हे लोखंड ठेवू कुठे?" तिसऱ्याने तर नुसती मान उडवली, आमच्याकडे 'नाही' म्हणताना उडवतात तशी, जीभ टाळ्याला लावून 'च्' करत. चौथ्याने आपण जेवायला चाललो असल्याचं सांगितलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"इतक्या सकाळी जेवतोस, तेव्हा रात्री उपाशी झोपत असशील," आरेती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. रागावायला वेळ नव्हता. चाकं हाताने ढकलत ती मेट्रोकडे निघाली. बंदरासमोरचा रस्ता इतका रुंद की सिग्नल हिरवा असेपर्यंत ती मध्यापर्यंतच पोचली, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. माशांच्या पेट्या वाहणारा एक धिप्पाड माणूस मागून आला, न विचारताच त्याने खुर्ची धरली आणि पलीकडे नेऊन सोडली. त्याला पिशवी मिळाली. ओल्या हाताने ती घेत त्याने विचारलं, "कोण होता?"

"धाकटा भाऊ."

"धाकट्याने आधी जाऊ नये," तो म्हणाला. "देव त्याला क्षमा करो."

मेट्रोची लिफ्ट चालू होती. खरं तर याचंच आरेतीला नवल वाटलं. ती भांडायची तयारी ठेवून आली होती. डब्यात तिने समोरच्या बाईला पिशवी दिली, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला दिली, पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला दिली. मेट्रोत कुणी कोलिवा वाटत नाही. लोक आधी दचकले, पण हा प्रसाद नाकारायचा नसतो हे रक्तातच असतं. सगळे पुटपुटले. ती मनात म्हणत होती, आणखी एक, आणखी एक. घड्याळ पुढे सरकत होतं.

शहराच्या पूर्वेला ती वर रस्त्यावर आली आणि खरं अथेन्स सुरू झालं. फुटपाथ म्हणायचा तो दोन हात रुंद, त्याच्या मधोमध कडू संत्र्याची झाडं, झाडाला टेकवलेल्या मोटरसायकली, आणि उरलेल्या जागेत कॅफेची टेबलं. खेचर एका झाडापर्यंत जायचं, मागे यायचं, रस्त्यावर उतरायचं, बसच्या धुरात दहा पावलं जायचं, परत चढायला जागा शोधायचं. दफनभूमीकडे जाणारी बस पलीकडच्या कोपऱ्यावरून सुटत होती, तिथला थांबा दिसतही होता. आणि त्या कोपऱ्यावर, फुटपाथवरून खाली उतरायच्या नेमक्या उतारावर, एक करडी मोटार आडवी लावून ठेवली होती.

डावीकडे कचऱ्याचे डबे, उजवीकडे झाड. आरेतीने मोटारीवर थाप मारली. कुणी आलं नाही. तिने मान वर करून बाल्कन्यांकडे पाहिलं आणि कारखान्यातला आवाज काढला, "कुणाची आहे ही पेटी?"

तिसऱ्या मजल्यावर एक टक्कल डोकावलं. "आलो, आलो! दोन मिनिटं!"

अथेन्समध्ये दोन मिनिटं म्हणजे किती, हे देवालाही ठाऊक नाही. फोन वाजला. व्हासो होती. "ताई, कुठे आहात? ते लोक कुदळ-फावडी घेऊन आलेत."

"थांबव त्यांना! बसच्या थांब्यासमोर आहे मी."

"त्यांना आज आणखी कबरी उघडायच्या आहेत..."

"व्हासो, पाया पडते तुझ्या. थांबव."

आरेती कुणाच्या पाया पडल्याचं व्हासोने आजवर ऐकलं नव्हतं. "बघते," ती म्हणाली.

टक्कलवाला चपला फटकावत, हातात कॉफीचा पेला घेऊन खाली आला. "काय बाई, जगबुडी झाल्यासारखं ओरडताय. दोन मिनिटांनी काय होतंय?"

आरेतीच्या ओठांवर तीच शिवी आली. तेच शब्द, त्याच क्रमाने. तिला ते जिभेच्या टोकावर जाणवले आणि ती इतकी घाबरली की तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. माणूस बघतच राहिला. त्याला वाटलं बाईला चक्कर येतेय. "अहो, पाणी देऊ का?"

तिने मान हलवली, पिशवीत हात घातला आणि त्याच्या कॉफीच्या पेल्याशेजारी कोलिव्याची पुडी टेकवली. "मिल्तोस म्हणा," ती म्हणाली. "माझा भाऊ. आज त्याला काढतायत. मला अकराच्या आत पोचायचंय."

त्या माणसाचा चेहरा पडला. त्याने क्रूसाची खूण केली, नाव घेतलं, मोटार हलवायला धावला आणि मग मोटार तशीच रस्त्यात उभी करून, मागचे हॉर्न खात, आरेतीला स्वतः थांब्यापर्यंत ढकलत नेलं. वाटेभर तो म्हणत होता, "मला काय माहीत, बाई. मला काय माहीत."

बस आली. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, खाली उतरला, फळी हाताने ओढायला लागला. फळी मध्येच अडकली. त्याने लाथ मारली, त्याच्या आईने ऐकू नये असं काहीतरी बोलला आणि प्रवाशांकडे वळून म्हणाला, "तिघं जण या, उचलू या." आतून एक बाई म्हणाली, "आम्हाला कामं नाहीत का?" दुसरी तिला म्हणाली, "उद्या तुझे गुडघे गेले की विचारीन." चौघांनी खेचर उचलून आत घेतलं. चौघांना पुड्या मिळाल्या, आणि आम्हाला कामं नाहीत का म्हणणारीलाही मिळाली. बस चढणीला लागली. आरेतीने व्हासोला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. व्हासोने उचलला नाही.

दफनभूमी इमित्तोस डोंगराच्या उतारावर आहे. फाटकात आरेती पोचली तेव्हा अकरा वाजून बराच वेळ झाला होता. सरूंच्या सावलीत व्हासो उभी होती, काळ्या कपड्यांत, काळा चष्मा लावून. आरेतीला बघताच ती पुढे धावली, वाकली आणि तिला मिठी मारली.

"झालं, ताई. सगळं छान झालं. पूर्ण विरघळला होता. सोन्यासारखी पिवळी हाडं."

आरेतीने डोळे मिटले. अकरा ऑगस्ट आणि वर तीन वर्षं, इतक्या दिवसांत तिला श्वास घेताना इतकं हलकं वाटलं नव्हतं. ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "बोल, पुन्हा बोल."

"सोन्यासारखी," व्हासो म्हणाली.

"मग कुठे आहे? ही वाइन आणलीय मी बेटावरची. मला धुवू दे त्याला."

"आम्ही धुतलं, ताई. पेटी तळघरात ठेवलीय, हाडांच्या पेट्या असतात तिथे. तिथे पायऱ्या आहेत हो. तुम्हाला नाही जमायचं."

"मग पेटी वर आण. पेटीला तर चाकं लागत नाहीत ना?"

"ते... किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस गेला." व्हासोने चष्मा नाकावर नीट केला. "तुम्ही थकलात. इथेच बसा, मी कॉफी आणि थोडी ब्रँडी घेऊन येते." आणि ती निघून गेली, जरा जास्तच भराभर.

आरेती थोडा वेळ तशीच बसली. आयुष्यभर लोकांनी तिला सांगितलं होतं की वर बघण्यासारखं काही नाही, खाली काही विशेष नाही, तू इथेच बस. ते सांगताना लोक कसे बघतात, कुठे बघतात, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिने खेचर वळवलं आणि मिल्तोसच्या कबरीच्या रांगेकडे जाणाऱ्या मोठ्या वाटेला लावलं. फोटोंमधून तिला ती रांग पाठ होती.

रांगेत दोन कबरी उघड्या होत्या. आत रिकामे खड्डे, कडेला उपटून ठेवलेले क्रूस, फुटक्या फळ्या. ज्यांना मातीने घेतलं होतं त्यांचे क्रूस असे काढून ठेवले होते. मिल्तोसचा क्रूस मात्र उभा होता. त्याच्याखालची माती ओली होती, नुकतीच उकरून परत दाबलेली, आणि क्रूस तिच्यात जरा तिरका रोवला होता. त्यावरच्या फोटोत मिल्तोस हसत होता.

तिला कळलं. मातीने त्याला घेतलं नव्हतं. त्यांनी बघितलं, झाकलं आणि परत पुरलं.

तिने चाकं पुढे लोटली. दोन कबरींच्या संगमरवरी कठड्यांमध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट होती. खेचर अडलं. तिने मागे घेतलं, तिरकं केलं, पुन्हा लोटलं. चाक कठड्याला घासून नुसतं कुरकुरलं. मिल्तोस आठ-दहा हातांवर होता. हाक मारायला आसपास कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिने मारली नसती. हे काम दुसऱ्याच्या हातांवर बसून करायचं नव्हतं.

जाणतेपणी आरेती कधी कुणाच्या देखत जमिनीवर सरपटली नव्हती. घरातही ती दार लावून घ्यायची. तिने खुर्चीचा ब्रेक लावला, वाइनची बाटली झग्याच्या पट्ट्यात खोचली आणि हातांवर भार देऊन खाली उतरली. खडी तळहातांत रुतली. पाय मागे ओढत, लोकांच्या मेणबत्त्या आणि प्लास्टिकची फुलं चुकवत, ती पुढे पुढे सरकत राहिली आणि शेवटी त्या ओल्या मातीवर कोपरं टेकून थांबली. तिला दम लागला होता. तिने झाकण उघडून वाइन मातीवर ओतली. माती ती भराभर प्यायली.

"मिल्तोस," ती म्हणाली, "मी आहे. उशीर झाला. मी लवकर निघाले होते रे, पण उशीर झाला."

मग तिला पुढचे शब्द सापडेनात. जिच्या जिभेला हाड नव्हतं तिला शब्द सापडेनात. ती मातीवर हात फिरवत राहिली.

मागे खडी वाजली. व्हासो कॉफीचे दोन पेले घेऊन उभी होती. तिने पेले शेजारच्या संगमरवरावर ठेवले, चष्मा काढला. डोळे सुजलेले होते. काळ्या स्कर्टची पर्वा न करता ती आरेतीशेजारी मातीत बसली.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या लांबून आलात. मला वाटलं, तळघरात तुम्ही येऊ शकत नाही, कळणार नाही."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"त्यांना मी थांबवायला बघितलं, ताई. अर्धा तास थांबवलं. तो खणणारा म्हणाला, इथली माती थकलीय, हल्ली निम्मे तसेच निघतात."

"निम्म्यांना त्यांच्या बहिणींनी शाप दिला नव्हता."

व्हासो म्हणाली, "त्या लग्नानंतर तो त्या चर्चच्या पायऱ्या कधी चढला नाही. नातवाच्या बारशालाही नाही. खाली उभा राहून सिगरेट ओढायचा. विचारलं तर म्हणायचा, वर गर्दी आहे."

आरेतीने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला. "मला का नाही सांगितलं त्याने? दर ऑगस्टला यायचा. माझ्या दारात बसून मासे खायचा."

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"नाही."

"आता पुन्हा तीन वर्षं," व्हासो म्हणाली.

"माझ्याच्याने परत यायला नाही व्हायचं, व्हासो. हात राहिले नाहीत आता. हे शेवटचं." ती क्रूसाकडे तोंड करून झुकली, ओठ मातीला लागतील इतकी, आणि हळूच म्हणाली, "मी बोलले ते मागे घेते, मिल्तोस. रागात बोलले. तू मला तेवढे बदाम आणलेस, मी घेतले नाहीत. आता विरघळ रे बाबा. माझ्यासाठी नको थांबूस, विरघळ."

व्हासोने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जोरात बोला, ताई. शेवटची काही वर्षं त्याला ऐकूच यायचं नाही नीट."

आरेती थबकली. "हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"फोनवर तो नुसता हो हो म्हणायचा. तुम्ही काय बोलताय ते त्याला निम्मं कळायचं नाही."

आरेतीने दोन्ही हात मातीत रोवले, छाती भरून श्वास घेतला, आणि दोनशे माणसांच्या देखत जसं ओरडली होती तसंच ओरडून तिने ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पलीकडच्या रांगेतले खणणारे हातातली फावडी टेकून उभे राहिले, आणि ती थांबेपर्यंत त्यांनी काम सुरू केलं नाही.